दुसऱ्या सुकदेवच्या नावावर

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं, मुलांना बिस्किटांचे पुडे वाटून झाले, आणि माजी सैनिकांचा फोटो काढायचा म्हणून सगळे शाळेच्या पायरीवर उभे राहिले. तेवढ्यात प्रेमराजनं सुकदेव आबांच्या छातीवर बोट ठेवलं.

"आबा, हे कुठलं मेडल?"

प्रेमराज म्हणजे चोपडा तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या संघटनेचा अध्यक्ष. सुभेदार होऊन रिटायर झालेला, आबांपेक्षा बराच लहान. कवायतीच्या मैदानावर कमावलेला त्याचा आवाज साधं बोलतानाही लांबपर्यंत जायचा.

"पराक्रम पदक," आबा म्हणाले. "लढाईत जखमी होतो त्याला मिळतं ते. श्रीलंकेतलं."

"ते मला माहीत आहे. पण तुमच्या डिस्चार्ज बुकात ते नाही. संघटनेसाठी सगळ्यांच्या झेरॉक्स घेतल्या तेव्हा पाहिलं मी. परदेशातल्या ड्यूटीचं आहे, लांब नोकरीचं आहे. हे नाही."

"यायचं राहिलंय."

"सदतीस वर्षं झाली की त्याला. मग हे छातीवरचं कुठून आलं?"

आबांना खोटं बोलता आलं असतं. ते खरं बोलले. "देवळालीला बाजारात घेतलं."

मागे कुणीतरी हसलं. प्रेमराज हसला नाही. त्याचा चेहरा उलट कसनुसा झाला, पण बोललेलं आता मागे घेता येण्यासारखं नव्हतं, कारण सरपंच, मास्तर, पोरं, बायका सगळे बघत होते. "काढा ते आबा," तो म्हणाला. "न मिळालेलं मेडल घालणं हा गुन्हा आहे."

आबांनी उजव्या हातानं चाचपून पाहिलं. पदक सेफ्टी पिनेनं टाचलेलं होतं आणि पीन काढायला दोन हात लागत होते. डावा हात छातीपर्यंत यायचा नाही. खांद्यातून गोळी गेल्यापासून तो तसाच होता. ते धडपडत राहिले. शेवटी प्रेमराजनंच पुढे होऊन पीन सोडवली आणि ते पदक त्यांच्या कोटाच्या खिशात टाकलं.

हे कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते चोपड्यात पोचलं, दुसऱ्या दिवशी जळगावात. खाली लिहिलेलं होतं, 'नकली मेडलवाला फौजी'.

*

आबांचं गाव चोपड्यापासून जवळच, सातपुड्याच्या पायथ्याकडे. घराला लागूनच केळीचं शेत. शेताचं काम आता वाट्यानं दिलेलं. आबा सकाळी एक फेरी मारायचे, पारावर बसायचे, पोरांना भरतीचं सांगायचे. त्या दिवसापासून त्यांनी पारावर जाणं सोडलं. मग शेतातली फेरीही सोडली. बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहायचे.

"किती दिन घरमा बठी राहशात?" बेबाबाई, त्यांची बायको, रोज विचारायची. "चार लोके बोलनात म्हनीसन काय व्हस?"

आबा पांघरूण तोंडावर ओढून घ्यायचे. आणि खरं तर बेबाबाईनंही बुधवारच्या बाजाराला जाणं बंद केलं होतं. भाजी ती शेजारणीकडून मागवायची आणि तसं का हे कुणाला सांगायची नाही.

त्यांची एकुलती मुलगी सुलक्षणा जळगावला माध्यमिक शाळेत शिकवायची. व्हिडिओ तिला शिक्षकांच्या खोलीतच दिसला. समोरच्या बाईंनी दाखवला, "हे तुमच्या भागातलेच ना?" म्हणून. सुलक्षणानं "हो, माझे वडील आहेत," असं म्हटलं, रजा टाकली आणि पहिली एसटी पकडून गावी आली.

"आबा, मला पहिल्यापासून सांगा."

आबांनी सांगितलं. मागेही त्यांनी ते कधीतरी तुकड्यातुकड्यानं सांगितलेलं होतं, पण पूर्ण असं नाही. सत्त्याऐंशी साल. शांतिसेना म्हणून त्यांची पलटण श्रीलंकेत गेली होती. जाफन्याजवळ ताडाच्या झाडांची मोठी बाग होती, तिच्यातून त्यांची तुकडी चालली असताना दोन्ही बाजूंनी गोळीबार सुरू झाला. खांद्यात काहीतरी गरम शिरलं एवढं त्यांना आठवत होतं. त्यानंतर डोळे उघडले ते एकदम मद्रासच्या इस्पितळात. मध्ये कुणी उचललं, कुठे नेलं, काही माहीत नाही. कंपनीचे कॅप्टनसाहेब भेटायला आले तेव्हा म्हणाले, 'सुकदेव, तेरा पराक्रम पदक आयेगा. काग़ज़ जा चुका है.'

"मग आलं का नाही?"

"उशिरा येतात म्हणायचे. कुणाचं दहा वर्षांनी, कुणाचं पंधरा. तोवर बाजारातून घेऊन लाव, सगळेच लावतात, असं एक हवालदार म्हणाला. लावलं. मग त्यात काही वाटलंच नाही. साहेब खोटं कशाला बोलेल?"

सुलक्षणानं माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर उन्हाळ्याच्या तोंडावर आलं. त्यात लिहिलं होतं की, त्या दिवशी त्या ठिकाणी जखमी झालेल्या शिपाई सुकदेव बी. पाटील यांना पराक्रम पदक मंजूर झालेलं असून ते त्यांच्या पत्त्यावर पाठवण्यात आलेलं आहे. पत्ता शिंदखेडा तालुक्यातला होता, जिल्हा धुळे. आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे अडुसष्ट होते.

आबांचे शहाऐंशी होते.

आबांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "अडसठ. म्हणजे दुसरा सुकदेव."

पलटणीत दोन सुकदेव पाटील होते. एक सुकदेव भिला, चोपड्याचा. दुसरा सुकदेव बुधा, शिंदखेड्याचा. एकाच नावाचे दोघे असले की फौजेत नंबरानं हाक मारतात, म्हणून हे छियासी आणि तो अडसठ. दोघांच्या प्लाटून वेगळ्या. ओळख होती ती पत्रांमुळे. याची पत्रं त्याला जायची, त्याची याला. एकदा आबांनी न बघता एक पत्र फोडलं आणि निम्म्यापर्यंत वाचल्यावर कळलं की ही बायको आपली नव्हे. दुसऱ्या सुकदेवनं मग महिनाभर त्यांना 'माझ्या सासऱ्याचे जावईबुवा' म्हणून चिडवलं होतं. रिटायर झाल्यावर मात्र दोघांची गाठ पडली नाही.

"त्याला लागलं होतं का त्या दिवशी?" सुलक्षणानं विचारलं.

"नाही. तो नंतर धडधाकट ड्यूटीवर होता. मी बघितला ना."

रेकॉर्डमधली चूक दुरुस्त होऊ शकते, असं तिला फोनवर सांगण्यात आलं. तिनं तसा अर्ज टाकला. मद्रासच्या इस्पितळाचे कागद आबांच्या नंबराचे होते, ती बाजू भक्कम होती. त्या वेळच्या एखाद्या अधिकाऱ्याचं निवेदन हवं होतं. कॅप्टनसाहेब आता कर्नल होऊन रिटायर झालेले, डेहराडूनला राहणारे. त्यांनी आबांना आवाजावरून ओळखलं आणि आठवड्यात निवेदन पाठवलं. राहिली एक गोष्ट. ज्याच्या नावावर पदक आहे त्याचं, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसाचं म्हणणं.

दुसरा सुकदेव हयात नव्हता.

*

चोपड्याहून शिरपूर, तिथून तापीचा पूल ओलांडून शिंदखेड्याकडे. पुलापलीकडे हिरवं कमी कमी होत गेलं आणि मोकळी, कापूस काढून झालेली रानं सुरू झाली. आबा खिडकीशी बसले होते. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते आणि कुणी ओळखीचं तर चढत नाही ना, हे प्रत्येक थांब्यावर बघत होते.

गावात शिरतानाच मैदान लागलं. धावण्यासाठी आखलेली पट्टी, उड्या मारायचा खड्डा, दोरखंड. फाटकावर पत्र्याचा मोठा बोर्ड, 'वीर सैनिक कै. सुकदेव बुधा पाटील, पराक्रम पदक विजेते, क्रीडांगण व भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र'. कोपऱ्यात मिशीवाल्या माणसाचा फोटो.

"आबा, चला," सुलक्षणा म्हणाली. ते बोर्डासमोर उभेच राहिले होते.

प्रमिलाबाई दारातच धान्य निवडत बसली होती. आबांपेक्षा थोडी लहान, बारकी, डोक्यावरून पदर. आबांनी नाव सांगितलं तशी ती हातातलं सूप खाली ठेवून उभी राहिली.

"चोपडावाला? छियासी?" तिनं त्यांच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. मग तिच्या तोंडावर हसू आलं. "मन्ही चिठ्ठी तुम्हीच वाची व्हती ना?"

आबाही हसले. कितीतरी दिवसांत ते हसले नव्हते. "अर्धीच वाचली, वहिनी. तुमची म्हैस व्याली होती, तिथपर्यंत."

तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. घरात समोरच्या भिंतीवर दुसऱ्या सुकदेवचा हार घातलेला फोटो होता आणि त्याखाली काचेच्या चौकटीत, लाल मखमलीवर, पदक. आबांनी त्याच्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. बोलायला सुरुवात सुलक्षणानं केली. काय झालं, रेकॉर्डमध्ये काय आहे, कशासाठी आलो, सगळं तिनं नीट, हळू आवाजात सांगितलं. प्रमिलाबाई ऐकत राहिली. चहा उतू गेला तरी उठली नाही.

मग म्हणाली, "तुम्हले कोनी उचलं व्हतं, ते ठाऊक शे का भाऊ?"

"नाही. मी बेशुद्ध होतो."

"त्यास्नीच."

तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. प्रमिलाबाई सांगत गेली. आवाज चढला नाही, उतरला नाही. नवऱ्याकडून तिनं हे अनेकदा ऐकलं होतं. गोळीबार थांबेना, तेव्हा दुसऱ्या सुकदेवनं छियासीला पाठीवर घेतलं आणि ताडांच्या आडून वाकून धावत तो मदत ठाण्यापर्यंत आला. तिथं जखमींची गर्दी. एक जण गळ्यात चिठ्ठ्या अडकवत होता. त्यानं विचारलं, नाव? हा म्हणाला, सुकदेव पाटील. नंबर? याला धाप लागलेली, तोंडाला कोरड, सगळं अंग दुसऱ्याच्या रक्तानं भरलेलं. यानं नंबर सांगितला. स्वतःचा.

"त्यास्नी इचारा, यास्नी सोताना सांगी दिन्हा. बस. यवढंच व्हयनं."

परत कंपनीत पोचल्यावर ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं हवालदाराला सांगितलं, हवालदार म्हणाला बघू, आणि पुढच्याच आठवड्यात तो हवालदार मारला गेला. पुढे तो ते विसरून गेला. रिटायर होऊन घरी आल्यावर मात्र पार्सल आलं. त्या वेळी त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. पार्सल काय आहे ते त्यांनीच उघडायला लावलं, पोस्टमननं वाचून दाखवलं, आणि म्हाताऱ्यानं ते पदक उशाशी ठेवून घेतलं. येईल त्याला दाखवायचा. म्हातारा जिवंत असेपर्यंत बोलायची सोय राहिली नाही. तो गेला तोवर गावानं सुकदेवचा सत्कार करून टाकला होता.

"दर साल म्हनेत, चोपडाले जाई येस. त्यानं पदक त्याले देई येस. पन गयात नही." ती भिंतीकडे न बघता म्हणाली. "मग मैदानवरच पडनात एक दिन. पोरेस्ले पळावता पळावता."

आबांचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला होता. सदतीस वर्षं त्या खांद्यावरून ते फक्त गोळीचाच विचार करत आले होते. खाली एक पाठ होती, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

दारात सावली पडली. प्रमिलाबाईचा मुलगा भूषण आत आला. तिशी ओलांडलेला, ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. मैदानावरचं प्रशिक्षण केंद्र तोच चालवायचा. किती वेळ तो ओट्यावर उभा होता कुणास ठाऊक. त्यानं सगळं ऐकलेलं होतं.

"म्हणजे माझे वडील चोर होते असं लिहून द्यायचं आम्ही?"

"चोर कोण म्हणतंय?" आबा उठून उभे राहिले. "त्यानं मला पाठीवर आणला, हेच लिहायचं. खरं तेच."

"त्यानं त्यांना काय मिळणार? ते पदक जाईल. बोर्ड जाईल. हा पोरगा खोट्या मेडलच्या जिवावर अकॅडमी चालवत होता, असा व्हिडिओ फिरेल. तुमचा फिरला ना, पाहिलाय मी." भूषणचा आवाज फाटला. "तुम्ही जिवंत आहात, काका. ज्यानं जिवंत ठेवलं त्याच्याच भिंतीवरचं न्यायला आलात?"

सुलक्षणा काही बोलणार होती. आबांनी मानेनंच तिला थांबवलं. चहा न घेताच ते निघाले. दारातून बाहेर पडताना प्रमिलाबाईनं सुलक्षणाच्या हातावर साखर ठेवली, लेकीला तोंड गोड केल्याशिवाय जाऊ देऊ नये म्हणून.

*

परतीची एसटी तापीच्या पुलावर आली.

"बंद कर हे," आबा म्हणाले.

"आबा, आई बाजारात जात नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

"बंद कर म्हटलं ना."

"त्या व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मी रोज वाचते. का वाचते मलाच कळत नाही. माझा बाप गोळी खाऊन आला आणि लोक त्याला नकली म्हणतात." ती रडली नाही; पदरानं तोंड पुसलं, जसं काही घाम आला होता. "त्यांनी उचललं, मान्य. पायाही पडेन मी त्यांच्या फोटोच्या. पण गोळी तुम्हाला लागली होती ना?"

आबा तापीच्या पाण्याकडे बघत राहिले. अर्ज मागे घे, असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. घरी गेल्यावरही नाही. पुढे अनेकदा त्यांना वाटायचं की तेव्हा आणखी एकदा ठामपणे म्हटलं असतं तर सुलक्षणानं ऐकलं असतं. त्यांनी म्हटलं नाही, कारण त्यांच्या मनातून ते पदक गेलं नव्हतं. प्रेमराजनं सोडवलेली पीन त्यांना झोपेत दिसायची.

महिनाभरानं आबांच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला.

"कागद धाडी दिन्हा, भाऊ," प्रमिलाबाई म्हणाली. ती एकटी एसटीनं धुळ्याला गेली होती, तिथं भाचीच्या मदतीनं तिनं प्रतिज्ञापत्र केलं होतं. जसं झालं तसं सगळं त्यात सांगितलं होतं.

"भूषणला विचारलं का?"

"त्यास्नं राही जायेल काम व्हतं," ती म्हणाली. "ते मी करं. पोऱ्याले काय इचारनं?"

*

दुरुस्ती झाली. सुकदेव भिला पाटील यांच्या नावे पराक्रम पदकाची नोंद चढली, सुकदेव बुधा पाटील यांच्या नावची नोंद रद्द झाली. पावसाळ्यात पोस्टानं लहानशी डबी आली. पदकाच्या कडेवर आबांचं नाव आणि नंबर बारीक अक्षरांत कोरलेला होता. बेबाबाईनं ते देवापुढे ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं, आणि त्या बुधवारी पिशवी घेऊन बाजाराला गेली. कोथिंबीर, मेथी, दोघांना संपणार नाही इतकी भाजी घेऊन आली.

प्रेमराज स्वतः घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसला.

"आबा, मी नियमानं बोललो होतो."

"हो."

"पण चारचौघांत बोलायला नको होतं."

"हो," आबा म्हणाले.

स्वातंत्र्यदिनी त्याच शाळेत सत्कार ठेवला. आबांना जायचं नव्हतं, आणि न जाणंही जमेना. प्रमिलाबाईनं घर पणाला लावून दिलेली गोष्ट डबीत ठेवून द्यायची, हे त्यांना आणखी वाईट वाटलं. सुलक्षणानं पदक टाचून दिलं. प्रेमराजनं माइकवर झालेला गैरसमज सांगितला, शाल घातली, आणि आबांच्या हातात माइक दिला.

आबांना भाषणाची सवय नव्हती. ते म्हणाले, "माझ्यासारखाच आणखी एक सुकदेव होता. शिंदखेड्याचा. त्यानं मला पाठीवरून आणलं. गोळ्या चालल्या होत्या तेव्हा." ताडाची बाग कशी होती, ते सांगायला लागले, मध्येच थांबले. मुलं उन्हात चुळबुळ करत होती. मास्तरांनी टाळ्या वाजवायची खूण केली आणि टाळ्या झाल्या. दोन-तीन मोबाइल वर धरलेले होते. पण जानेवारीतला व्हिडिओ ज्यांनी फिरवला होता त्यांच्यापैकी कुणीही हा पुढे पाठवला नाही. सुलक्षणा आठवडाभर वाट बघत होती.

त्यानंतर आबांनी दुसरा अर्ज करायला लावला. गोळीबारात जखमी साथीदाराला उचलून आणल्याबद्दल सुकदेव बुधा पाटील यांच्या रेकॉर्डमध्ये तशी नोंद व्हावी, जमल्यास मरणोत्तर सन्मान मिळावा. कर्नलसाहेबांनीही त्याला जोडून लिहिलं. उत्तर सभ्य भाषेत आलं. अशा शिफारशीची मुदत त्या काळीच संपलेली होती. साक्षीदार म्हणून ज्याचं नाव होतं, तो घटनेच्या वेळी बेशुद्ध होता.

सुलक्षणानं वाचून दाखवलं तेव्हा आबा म्हणाले, "ते पण बरोबरच लिहितात."

*

दसरा झाल्यावर ते एकटेच शिंदखेड्याकडे निघाले. बेबाबाईनं प्रमिलाबाईसाठी साडी, खण आणि आपल्या शेतातल्या पिकलेल्या केळांची पिशवी बांधून दिली.

मैदानाच्या फाटकावर बोर्ड नव्हता. नुसता लोखंडी सांगाडा होता. पट्टीवर गवत वाढलं होतं आणि बकऱ्या चरत होत्या. एका दुकानात आबांनी पाणी मागितलं. दुकानदारानं पाणी दिलं, पण त्यांच्या हाताकडे बघून त्यांना ओळखलं असावं, कारण पुढं तो एक शब्द बोलला नाही.

प्रमिलाबाई परसात कापसाच्या काड्या मोडत होती. आबांना बघून तिनं पदर सावरला आणि आत चला असं म्हटलं नाही. मग स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं, म्हणून ओट्यावर गोणपाट टाकलं.

"भूषण?"

"सुरतले गया. बायको पोरेस्ले लिसन." पोरं यायची बंद झाली होती, असं तिनं सांगितलं. कुणीतरी प्रतिज्ञापत्राची नक्कल गावात आणली. तुझा बाप खोटा होता, असं पोरांच्या बापांनी भूषणला तोंडावर सांगितलं. त्यानं रात्रीतून बोर्ड उतरवला, फोटोखालची चौकट काढून लष्कराच्या कार्यालयाला पाठवून दिली आणि जाताना आईला नमस्कार न करता गेला. फोन केला तर उचलत नव्हता.

"मी अर्ज मागे घ्यायला हवा होता," आबा म्हणाले.

ती काड्या मोडत राहिली. "घेता उना नही तुम्हले," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. जे दिसलं होतं ते तिनं सांगितलं. "यास्ले बी देता उनं नही. तुम्ही दोन्ही सारखाच."

आबांनी पिशवी पुढे केली. तिनं केळी घेतली, खण घेतला. साडी परत दिली. "आते कोठे नेसीसन जाऊ?"

"वहिनी, काही लागलं तर सांगा. मी येत जाईन."

तेव्हा तिनं हातातलं काम थांबवलं आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"आते येऊ नका, भाऊ. तुम्ही उनात की लोके परत सुरू करतस. माले आठेच राहनं शे."

आबा उठले. उघड्या दारातून समोरची भिंत दिसत होती. फोटोखाली चौकटीच्या आकाराचा रंग जरा ताजा होता. त्यांनी फोटोला हात जोडले. डावा हात वर येईना म्हणून उजव्यालाच त्याच्यापर्यंत खाली यावं लागलं. प्रमिलाबाई पाठमोरी झाली होती.

फाट्यापर्यंत ते चालत गेले. एसटी उशिरा आली. शिरपूरला गाडी बदलताना जागा मिळाली नाही, चोपड्यापर्यंत ते दांडा धरून उभे राहिले, आणि एका मुलीनं उठून जागा देऊ केली तेव्हा राहू दे म्हणाले.

घरी बेबाबाई दारातच उभी होती. परत आलेली साडी तिनं त्यांच्या हातातून घेतली, पण साडीबद्दल काही विचारलं नाही.

"बरी शे का ती?"

आबांनी चपला काढल्या, कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या.

"नही," ते म्हणाले.